प्लास्टिक सर्जरीची तारीख मिळाली? मग आधी घरातल्या सगळ्या गोळ्या-पुड्या एका पिशवीत भरा

वहिनीच्या मानेचं ऑपरेशन पहिल्या वेळेस का थांबलं तिथूनच सुरू करतो, कारण त्यात माझीही चूक होती आणि तीच चूक आमच्या वरूड-मोर्शी भागात रोज कुठल्या ना कुठल्या घरात होऊन राहिली आहे.

चुलीजवळ पदर पेटला, गळा आणि छाती भाजली. जखम भरली पण भरताना कातडी अशी आखडली की हनुवटी छातीकडे ओढल्या गेली, वर पाहायचं म्हटलं तर वहिनी कमरेतून मागे वाकायची, तांब्यानं पाणी पितानाही तसंच. पाच वर्षं असं काढल्यावर नागपूरच्या एका दवाखान्यात तारीख मिळाली. भरती झालो, संध्याकाळी भूल देणाऱ्या मॅडम आल्या आणि विचारलं की कोणत्या गोळ्या चालू आहेत. वहिनी म्हणाली काहीच नाही. तिच्या मनात लपवायचं काही नव्हतं. मग मॅडमनी प्रश्न बदलला, डोकं दुखलं तर काय घेता? तेव्हा बटव्यातून डिस्प्रिनची, म्हणजे ॲस्पिरिनची, पट्टी निघाली, अर्धी संपलेली. वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, ते त डोकं दुखाची गोळी होय, दवाई थोडी होय."

त्याच बटव्यात गुडघ्यासाठी बाजारातून आणलेल्या कागदी पुड्या होत्या आणि जळाल्याचा डाग जाईल म्हणून कोणीतरी सांगितलेल्या इव्हिऑनच्या, म्हणजे व्हिटॅमिन ईच्या, हिरव्या कॅप्सूल. डिस्प्रिन आणि इव्हिऑन दोन्ही माझ्या मेडिकलमधून गेलेल्या. मी बारा वर्षं काउंटरवर उभा राहतो, मला तारीख माहीत होती, आणि मी एकदाही विचारलं नाही की वहिनी आता हे कशाला. डिस्प्रिननं रक्त पातळ होते म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं, पुढची तारीख दीड महिन्यानंतरची, ऐन कापूस वेचणीत. त्या दिवसापासून जो कोणी सर्जरीचा कागद घेऊन दुकानात येतो त्याला मी बसवून हे सगळं सांगतो, तेच इथे लिहितो.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना सिनेमातल्या नट्यांचं नाक आठवतं. आपल्याकडे ती म्हणजे भाजून आखडलेली मान, बोटं, कोपर, फाटलेला ओठ-टाळू घेऊन जन्मलेलं लेकरू, मळणी यंत्रात गेलेला हात, जड कानातल्यांनी चिरलेली कानाची पाळी, पोरांची वाढलेली छाती. अपघाताच्या वेळी तयारीला वेळच नसतो, तिथे फक्त एवढं करा की आपण काय घेतो ते खरं सांगा. बाकी सगळ्या ठिकाणी तारीख आधी मिळते, म्हणजे तयारीला वेळ असतो.

या ऑपरेशनमध्ये रक्ताचं एवढं का बघतात

संत्र्याचं कलम ज्यांनी बांधलं त्यांना हे लगेच समजेल. जंबेरीच्या खुंटावर काप देऊन संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटवा येणारी कळी, बसवतो आणि पट्टी घट्ट बांधतो, डोळा आणि खुंट यांच्यामध्ये पाणी शिरलं किंवा डोळा हलला तर तो काळा पडतो. मांडीची पातळ कातडी काढून मानेवर लावतात तेव्हा अगदी असंच असतं. लावलेल्या कातडीला पहिले दोन दिवस स्वतःचं रक्त नसतं, ती खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या ओलाव्यावर जगते, मग हळूहळू खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिला जोडल्या जातात. या काळात खाली रक्त साचून गाठ झाली तर कातडी उचलल्या जाते, जोड बसत नाही आणि तेवढा तुकडा मरतो. पोटाच्या ऑपरेशनमध्ये थोडं जास्त रक्त गेलं तर डॉक्टर सांभाळून घेतात, इथे चमचाभर रक्तानेही महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

म्हणून तीन गोष्टींची भीती असते: रक्त पातळ करणाऱ्या वस्तू, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या वस्तू, आणि भुलीच्या औषधांशी भांडणाऱ्या वस्तू. खाली जे जे येईल त्यातलं बरंचसं या तिन्हीपैकी कशात तरी बसतं.

पायरी १: पिशवी

तारीख मिळाली त्याच दिवशी घरी येऊन एक कापडी पिशवी घ्या आणि तोंडात जाणारी, नाकात ओढायची, अंगाला चोळायची, टोचून घ्यायची प्रत्येक वस्तू त्यात टाका. गोळ्या, सिरप, टॉनिक, काढ्याचं चूर्ण, वैदूची पुडी, च्यवनप्राश, प्रोटीनचा डबा, केसांच्या कॅप्सूल, चेहऱ्याची क्रीम, दुखण्याचा बाम, तपकीर, सगळं. आयोडेक्स, मूव्हसारख्या बाममध्येही ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं मिथाइल सॅलिसिलेट असतं, रोज बोटं भरभरून चोळत असाल तर तेही सांगायचं.

घरच्या माणसाला "गोळ्या चालू आहेत का" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येते. असं विचारा: डोकं दुखलं तर काय घेतेस? पाळीच्या वेळी? गुडघा धरला तर? झोप नाही आली तर? पोट साफ व्हायला? बारीक किंवा जाड व्हायला काही चालू आहे का? आशाताईंनी काही दिलं आहे का? शेजारणीनं काही सांगितलं आहे का? मॅडमनी वहिनीला अशाच पद्धतीनं विचारलं म्हणून कळलं, नाहीतर सकाळी टेबलावर घेतलंच असतं.

आता मेडिकलवाला म्हणून एक सांगतो. गावात आम्ही गोळ्या सुट्या देतो, पट्टीचा तुकडा कापून, आणि नेमका नावाचा भाग दुसऱ्याकडे गेलेला असतो. दवाखान्यात तो बिननावाचा चंदेरी तुकडा पाहून कोणालाच काही सांगता येत नाही. तर घेतानाच दुकानदाराला म्हणा की पूर्ण पट्टी दाखव, मोबाईलमध्ये फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. मग एका कागदावर लिहा: नाव, किती ताकदीची, दिवसातून किती वेळा, केव्हापासून, शेवटची कधी घेतली. दोन प्रती करा, एक फाईलमध्ये आणि एक सोबत जाणाऱ्याच्या खिशात. पुढच्या तपासणीला पिशवीसकट जा, सर्जनला दाखवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरलाही दाखवा, दोघांनाही, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी पाहतात.

पायरी २: स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही असं काय

हे मी आधी लिहून राहिलो कारण असे लेख वाचून लोक सगळंच बंद करून टाकतात आणि मग ऑपरेशनच्या आधीच दवाखान्यात भरती व्हावं लागतं.

हृदयात स्टेंट टाकलेली असेल, हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या इकोस्प्रिन (ॲस्पिरिन), क्लोपिलेट (क्लोपिडोग्रेल), वॉर्फ (वॉर्फरिन), ॲसिट्रॉम यातलं काही चालू असेल तर एकही गोळी स्वतःहून चुकवू नका. स्टेंट बंद पडू शकते. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आणि वॉर्फरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, वॉर्फरिनला नंतर आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करून पाहतात, पण थांबवायचं की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन आपसात बोलून ठरवतात. तुम्ही फक्त दोघांची गाठ घालून द्यायची, म्हणजे एकाची चिठ्ठी दुसऱ्याकडे न्यायची. काही वेळा ऑपरेशनच सहा महिने पुढे ढकलतात आणि तेच बरोबर असते.

मिरगीची गोळी चालू ठेवायची. थायरॉईडची चालू. दम्याचा पंप सोबत न्यायचा. मानसिक आजाराच्या गोळ्या अचानक सोडायच्या नाहीत, त्यातल्या काहींमुळे रक्त थोडं जास्त जाऊ शकते म्हणून नाव मात्र नक्की सांगायचं. बीपीच्या गोळ्यांत फरक आहे: ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल बहुतेक वेळा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल मात्र त्या सकाळची बऱ्याचदा टाळायला सांगतात कारण भुलीत बीपी एकदम खाली येतो. आपली कोणती आहे ते पट्टीवर पाहा आणि विचारा.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या विदर्भात बऱ्याच घरात आहे. ज्यांना हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू आहे त्यांनी ते सोडायचं नाही, आणि कार्ड पिवळं असो की लाल, भूल देणाऱ्या डॉक्टरला दाखवायचंच. अशा पेशंटला फार वेळ उपाशी-तहानलेलं ठेवत नाहीत, थंडी लागू देत नाहीत, आधीच सलाईन लावतात, पण त्यांना माहीत असेल तरच ना.

लोहाच्या गोळ्याही सोडू नका. उलट हिमोग्लोबिन कमी म्हणून तारीख गेलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध वाढवा, जखम प्रोटीननं भरते.

पायरी ३: महिनाभर आधी, आणि सगळ्यात आधी खर्रा

गोळ्यांच्या लेखात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू-चुना, कशाला असं वाटेल. पण आमच्याकडच्या प्लास्टिक सर्जरीचा सगळ्यात मोठा दुश्मन तोच आहे. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते, आणि नवीन लावलेली किंवा सरकवलेली कातडी जगते त्याच बारीक वाहिन्यांवर. खुंटाला पाणी नाही तर डोळा फुटणार कुठून. बिडी, सिगारेट, खर्रा, तपकीर, गुडाखू म्हणजे दातांना घासायची तंबाखूची लेई, दातांना लावायची मशेरी, सगळ्यात निकोटिन आहे. आधी किमान ४ आठवडे बंद आणि नंतरही किमान ४ आठवडे बंद, बरेच सर्जन ६ आठवडेही सांगतात. सोडण्यासाठी निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी वापरत असाल तर तेही निकोटिनच आहे, सर्जनला विचारूनच.

बाया गुडाखू घासतात ते सांगत नाहीत. लाज वाटते, समोर सासरा उभा असतो. डॉक्टरांना एकटीनं भेटायची वेळ मागा, किंवा नर्सताईंच्या कानात सांगा.

दुसरी गोष्ट सुपारीची. खर्रा पन्नीत घोटून घोटून वर्षानुवर्षं गालात धरला की गालाचं आतलं कातडं पांढरं आणि चामड्यासारखं कडक होते, तोंड उघडत नाही. हे सुपारीनं होते, बिनतंबाखूच्या सुपारीनंही. आता घरीच पाहा: स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांच्या मध्ये जातात का? जात नसतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीच सांगायचं. भुलीत श्वासाची नळी तोंडातून टाकावी लागते, तोंड दोनच बोटं उघडत असेल तर त्यांना वेगळी तयारी, वेगळी दुर्बीण लागते. ऐन वेळी कळलं तर जिवावरचं काम आहे.

याच महिन्यात कुटुंब नियोजनाच्या गोळ्यांचं विचारून घ्या. माला-डी, माला-एन यांत इस्ट्रोजेन असते, त्यानं पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, मोठं ऑपरेशन असेल आणि नंतर बरेच दिवस पडून राहावं लागणार असेल तर बहुधा ४ आठवडे आधी बंद करायला सांगतात. पण बंद केल्यावर दुसरं साधन वापरायचं, नाहीतर ऑपरेशनच्या तारखेला दिवस गेलेले असतात. छाया गोळी असेल तर तीही कागदावर लिहा.

आणि पुडी. जोडदुखीची, दम्याची, अंग भरायची, वजन वाढायची, जिच्यावर नाव नाही, कंपनी नाही, आणि घेतल्याबरोबर दोन दिवसांत माणूस टुणकन उभा राहतो अशी पुडी. अशा पुड्यांत बऱ्याच वेळा स्टेरॉईड कुटून टाकलेलं असते. त्यानं जखम उशिरा भरते, साखर वाढते, जंतू लवकर धरतात. पण इथे उलटा धोकाही आहे: महिनोन्महिने स्टेरॉईड घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करते, आणि एकदम बंद केलं तर ऑपरेशनच्या ताणात बीपी कोसळू शकतो. म्हणून पुडी फेकून देऊन गप्प बसू नका. पुडी घेऊन जा, सांगा किती महिने घेतली. वहिनीनं चार महिने घेतली होती. डॉक्टरांनी रागावलं नाही, रक्त तपासलं आणि एका गोळीवर आणून हळूहळू कमी केली. चेहरा गोल झाला, पोट वाढलं पण हातपाय बारीक, कातडीवर सहज निळे डाग, असं काही दिसत असेल तर हे आणखीच नीट सांगा.

चेहऱ्यावर गोरं होण्याची क्रीम म्हणून बेटनोव्हेटसारखं स्टेरॉईडचं मलम लावणाऱ्या पोरी खूप आहेत, त्यानं कातडी पातळ होते. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल घेतल्या असतील तर त्याही सांगा, चेहऱ्याची कातडी घासण्याच्या उपचारांआधी बरेच डॉक्टर बऱ्याच महिन्यांचं अंतर ठेवतात.

पायरी ४: पंधरा दिवस आधी, झाडपाल्याचं आणि ताकदीचं

"ते तर आयुर्वेदिक आहे, त्याचा काय त्रास" हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकतो. ज्या वस्तूत रोग बरा करायची ताकद आहे तिच्यात भुलीशी आणि रक्ताशी खेळायचीही ताकद असणारच. साधा नियम असा की झाडपाल्याची औषधं आणि सप्लिमेंट २ आठवडे आधी बंद. आहारातलं मात्र आहारातच राहू द्या, भाजीतला लसूण, वरणातली हळद, जेवणासोबत जवसाची चटणी यानं काही बिघडत नाही. मी बोलतो ते औषध म्हणून घेतलेल्या मात्रेबद्दल.

बीपीसाठी सकाळी उपाशीपोटी लसणाच्या पाच-सहा पाकळ्या चावून खाणारे घरोघरी आहेत, ते थांबवा. लसणाच्या मोत्यासारख्या कॅप्सूल पण थांबवा. अद्रकाचा रोजचा काढा, हळदीच्या म्हणजे कर्क्युमिनच्या कॅप्सूल, गिंको, जिनसेंग थांबवा, यांनी रक्त गोठण्यात ढिलाई येऊ शकते. योगराज गुग्गुळ वगैरे गुग्गुळ असलेल्या गोळ्याही त्याच रांगेत. इव्हिऑन, म्हणजे व्हिटॅमिन ई ४००, पायात गोळे येतात म्हणून, केस गळतात म्हणून, डाग जावा म्हणून, कशालाही घेतात, ती बंद. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलनं रक्तस्राव वाढतोच असं अभ्यासात पक्कं दिसलेलं नाही, तरी बरेच सर्जन बंद करायला सांगतात, आणि पंधरा दिवस नाही घेतल्यानं काही बिघडत नाही, मग बंदच ठेवा. जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल किंवा वाटीवाटी जवस भरडून खाणं सुरू असेल तर तेही.

अश्वगंधा सध्या पोरं प्रोटीनसोबत मारून राहिले आहेत. तिनं गुंगी येते, भुलीच्या औषधाचा परिणाम वाढू शकतो, थायरॉईड आणि साखरेवरही परिणाम होतो. झोपेसाठी घेतलेली तगर किंवा इतर चूर्णं त्याच प्रकारची. जेष्ठमध खूप दिवस खोकल्यासाठी चघळत असाल तर त्यानं शरीरातलं पोटॅशियम कमी होते आणि बीपी वाढतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वजन उतरवायच्या, चरबी जाळायच्या पावडरी आणि जिममधले प्री-वर्कआउट डबे ठोके वाढवतात, भुलीत ते धोक्याचं. छाती कमी करायच्या ऑपरेशनला जाणाऱ्या पोरांनी हे नक्की वाचा, आणि जिममध्ये कोणी इंजेक्शन दिलं असेल तर तेही लपवू नका, ती छाती कदाचित त्याच्यानंच वाढलेली असते.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण, मेथीचं पाणी, गुळवेल, हे साखर खाली आणू शकतात. ऑपरेशनच्या आधी उपाशी राहायचं असते, तेव्हा साखर एकदम पडू नये म्हणून हेही थांबवा आणि साखर तपासत राहा.

मोहाची असो की दुकानातली, दारू त्या पंधरा दिवसांत नकोच. पण रोज पिणारा माणूस एकदम थांबला तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच थरथर, भास, झटके येऊ शकतात, असा माणूस असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, सोडवायला औषध असते.

पायरी ५: दहा दिवस आधी, दुखण्याच्या गोळ्या

डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आता गावातल्या लहान पोरालाही माहीत झाला. रक्त थांबवायला आधी प्लेटलेट धावून जातात. ॲस्पिरिन एकदा लागलं की ती प्लेटलेट आयुष्यभरासाठी निकामी होते, आणि प्लेटलेटचं आयुष्य असते ७ ते १० दिवसांचं. म्हणून एक डिस्प्रिन आज घेतली तर तिचा हिशोब आठवडाभर चालतो. वहिनीची तारीख यातच गेली, डोकं दुखलं म्हणून दोन दिवस आधी पाण्यात विरघळवून घेतलेली ती एक गोळी.

तर ज्यांना हृदयासाठी लिहून दिलेली नाही, नुसती दुखण्यासाठी घेतात, त्यांनी ॲस्पिरिन १० दिवस आधी बंद करायची. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान, झेरोडॉल-एसपी, मेफ्टाल स्पास, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, ही नावं वेगवेगळी पण घराणं एकच. यांचा परिणाम ॲस्पिरिनसारखा कायमचा नसतो, आयबुप्रोफेनचा तर साधारण एका दिवसात उतरतो, काहींचा मात्र बरेच दिवस राहतो, म्हणून गोंधळ नको म्हणून बहुतेक सर्जन सगळ्याच ७ दिवस आधी बंद सांगतात. पाळी त्या आठवड्यात येणार असेल तर मेफ्टालच्या ऐवजी काय हे आधीच विचारून ठेवा, त्या रात्री दुखायला लागल्यावर नाही.

मग दुखलं तर काय? पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो ६५०, यात फक्त पॅरासिटामॉल असते, ती प्लेटलेटला तसा हात लावत नाही. सांगितली तेवढीच, दारू पिणाऱ्यानं आणि काविळीच्या पेशंटनं विचारून. पण पट्टीच्या मागचं बारीक वाचा: पॅरासिटामॉल लिहिलेलं दिसलं आणि पुढे "आणि" करून दुसरं नाव असेल तर ती चालत नाही. सर्दीच्या गोळ्यांतही अशी सरमिसळ असते. दुकानात "दुखायची गोळी द्या" म्हणू नका, "साधी पॅरासिटामॉल द्या, माझं ऑपरेशन आहे" म्हणा. आम्हाला सवयीनं हात त्या लाल-पिवळ्या पट्टीकडेच जातो, तुम्ही बोललात तर थांबतो.

आणि दुखण्याची सुई. गावातल्या दवाखान्यात अंग दुखते म्हणून कमरेत जे इंजेक्शन टोचतात ते बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकच असते. ते मोजण्यात धरा.

पायरी ६: साखरवाल्यांचे शेवटचे तीन-चार दिवस

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन नावाच्या गोळ्या आता खेड्यातही खूप चालतात. त्या ऑपरेशनच्या ३ दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी त्यानं रक्तात आम्ल साचते आणि मशीनवर साखर बरोबर दिसत असली तरी माणूस आतून बिघडलेला असतो. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड त्या सकाळी घेत नाहीत. इन्सुलिनचं किती कमी करायचं ते डॉक्टर आकड्यात लिहून देतील, लिहूनच घ्या. वजन आणि साखरेसाठी आठवड्याला एकदा टोचायचं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड कोणी घेत असेल तर पोट उशिरा रिकामं होते आणि भुलीत उलटी फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरला शेवटच्या डोसची तारीख सांगायची, मग ते पुढचा डोस थांबवायचा की आदल्या दिवशी नुसतं पातळ खायचं ते ठरवतात.

पायरी ७: आदली रात्र आणि ती सकाळ

जेवण ८ तास आधी, हलकं खाणं ६ तास आधी, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, असा साधारण नियम. दवाखान्यानं वेगळं सांगितलं तर त्यांचंच. चहा दुधाचा असतो, तो पाण्यात धरत नाहीत. ज्या गोळ्या सकाळी घ्यायला सांगितल्या त्या घोटभर पाण्यासोबत.

फाटलेल्या ओठाचं लेकरू असेल तर आईचं दूध ४ तास आधीपर्यंत, वरचं दूध ६ तास, पाणी २ तास. इथे घरातली आजी सांभाळावी लागते. लेकरू भुकेनं रडते, ते ऐकवत नाही, आणि मग बोटावर मध, नाहीतर घुटी उगाळून चाटवल्या जाते. मायेनंच करते ती. पण पोटात गेलेलं भुलीत वर येते आणि श्वासात जाते. आजीला आदल्या दिवशीच जवळ बसवून हे सांगा, घुटीची डबी घरीच ठेवून जा. पहिला नंबर लेकराचा लावता येईल का हेही दवाखान्यात विचारता येते.

चुकून घेतलीच तर

सांगायचं. आदल्या दिवशी सांगा, टेबलाकडे नेताना सांगा, केव्हाही सांगा. तारीख जाईल, दोन तिकिटं जातील, मजुरी बुडेल, महात्मा फुले योजनेचे कागद पुन्हा करावे लागतील, मला हे सगळं अनुभवानं माहीत आहे. पण मांडीची चांगली कातडी एकदा काढून लावली आणि ती खाली रक्त साचून मेली तर तेवढी परत मिळत नाही, पुन्हा दुसरीकडून काढावी लागते.

घरी सोडताना कार्डवर विचारून लिहून घ्या की यादीतली कोणती वस्तू कोणत्या तारखेपासून सुरू करायची. रक्त पातळ करायच्या गोळ्यांची तारीख सगळ्यात आधी. काढे, कॅप्सूल, दुखण्याच्या गोळ्या जखम पक्की होईपर्यंत आणि सर्जन हो म्हणेपर्यंत नाही. जखमेवर हळद, कोरफड, राख, तेल काही लावायचं नाही. खर्रा तर नाहीच, बघायला येणारे पावणे खिशात घेऊन येतात, त्यांनाही दारातच सांगा.

दुसऱ्या वेळी वहिनीनं पिशवी स्वतः नेली. मॅडमनी विचारायच्या आधीच तिनं ती पलंगावर उलटी केली, आणि कागद काढून एकेक नाव वाचायला लावलं मला. पट्टी सोडली तेव्हा कातडी सगळीकडून गुलाबी धरलेली होती, कडेला बोटाच्या पेराएवढा तुकडा सोडला तर. मानेचा पट्टा अजून रात्री लावते. पाणी मात्र आता सरळ उभी राहून पिते.